खारीचे कान

चारोळीच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात एक अस्वल राहत असे. चारोळीच्या बिया फोडायला त्याने खारींना कामावर ठेवले होते. पाखरांनी दाणे पळवू नयेत म्हणून हे काम गुहेत चाले. खारी दिवसभर शिळांवर दगडांनी बिया फोडत आणि तो ठणठणाट भिंतींवर आदळून कितीतरी वाढे. त्यांच्यात एक लेकुरवाळी खार होती. तिचा हात सर्वांत चपळ, म्हणून अस्वलाने तिला गुहेच्या अगदी आतल्या शिळेवर बसवले होते. संध्याकाळी घरी गेल्यावर तिच्या कानांत रातकिडे ओरडल्यासारखे होई. सकाळपर्यंत ते थांबे, म्हणून तिने ते कोणाला सांगितले नाही.

एकदा ओढ्यावरची टिटवी तो ठणठणाट ऐकून गुहेत आली. काम चालू असतानाच तिने दोन खारींना शेपटीभर अंतरावर उभे केले आणि एकीला नेहमीच्या आवाजात बोलायला सांगितले. दुसरीला काहीच कळले नाही. मग टिटवी त्यांना हळूहळू बाहेर नेत गेली. पार गुहेच्या तोंडाशी आल्यावर कुठे बोलणे ऐकू आले. टिटवीने अस्वलाला सांगितले की, हा आवाज कानांना मानवणारा नाही. काम उघड्यावर न्यावे, शिळांखाली गवताची जाड गादी घालावी, खारींना पाळीपाळीने विसावा द्यावा आणि कानांत घालायला पोळ्याच्या मेणाचे बोळे द्यावेत.

अस्वलाला ते पटले नाही. काम उघड्यावर नेले, तर पाखरे हाकत बसावे लागणार होते. ते म्हणाले, "कोणाला जखम नाही, रक्त नाही. आता तर यांना आवाज जाणवतसुद्धा नाही." त्याने आतल्या शिळेवरच्या खारीला बाहेर बोलावून विचारले. खारीनेही मान डोलावली आणि पूर्वी त्रास व्हायचा, आता सवय झाली, असे सांगितले.

टिटवी हळूच म्हणाली, "ही सवय नव्हे, खारूताई. तुझे कान चालले आहेत."

"काय म्हणालात?" खारीने विचारले.

मुलांनो, पुढे एका सुटीच्या दिवशी ही खार आपल्या झाडाच्या खालच्या फांदीवर कोवळा पाला खुडत होती. झाडाच्या पलीकडच्या बाजूने एक धामण वर चढली. घरट्यातले पिलू जिवाच्या आकांताने ओरडू लागले. खारीने मानही वळवली नाही. शेजारची साळुंकी उडत आली आणि तिने चोचीने खारीला ढोसले, तेव्हा तिने वर पाहिले. घरटे रिकामे होते.

खारीने साळुंकीला विचारले, "त्याने मला हाक मारली होती का?"



ही हकीकत कळली तेव्हा अस्वल दोन दिवस जेवले नाही. मग त्याने सगळ्या शिळा उघड्यावर ओढून नेल्या, खाली गवत पसरले, कामाच्या पाळ्या लावल्या आणि पाखरे हाकायला ते स्वतः बसले. मेणाचे बोळेही त्याने आपल्या हातांनी वळले आणि पहिली जोडी त्या खारीसमोर धरली. खारीने ती पंजात घेऊन पाहिली आणि परत केली.

"अस्वलदादा," ती म्हणाली, "हे ज्यांना अजून ऐकू येते, त्यांना द्या."

तात्पर्य : कानाची जखम दिसत नाही आणि गेलेले ऐकणे परत येत नाही, म्हणून काम करून घेणाऱ्याने आवाज वेळीच जोखावा आणि वेळीच आवरावा.