झोपलेली गिऱ्हाइकं

"हे 'तुमची आठवण येते' कोण लिहितं?"

पाटोळे सर आमच्या वर्गाची ओळख करून देत होते. ते मध्येच थांबले.

"घाटगे, प्रश्न शेवटी."

"मला आत्ताच विचारायचाय."

किराणा घरपोच देणाऱ्या त्या कंपनीचं ऑफिस बाणेरला होतं. जाहिराती कशा बनतात ते बघायला आमच्या फोटोग्राफीच्या कोर्सची मुलं आली होती. मी आलो होतो भांडायला.

पण आधी त्यांनी आम्हाला फोटोच्या खोलीत नेलं, आणि माझं अर्धं भांडण तिथंच गळालं.

अंधारी मोठी खोली. मधोमध पांढऱ्या कागदावर एकच टोमॅटो. एक मुलगी श्वास रोखून कुंचल्याने त्याच्यावर पाण्याचा थेंब ठेवत होती. बाकीचे हात बांधून उभे. मग एका बाजूने उजेड सोडला...

टोमॅटो मी जन्मभर बघत आलोय. असा कधी दिसला नव्हता. आत कुणीतरी दिवा लावल्यासारखा.

"नारळ फोड की रे याच्यापुढे," वर्गातला दिग्या माझ्या कानात म्हणाला. कुणी हसलं नाही. दिग्यासुद्धा.

तिथून बाहेर आलो तर समोर पांढऱ्या केसांच्या बाई. कमळजा धुरी. कंपनीचा शब्द न् शब्द त्यांच्या हाताखालून जातो, असं सरांनी आम्हाला सांगितलं, मग त्यांना आमची ओळख करून द्यायला लागले, आणि मी तो प्रश्न मध्येच टाकला.

"मी लिहिते," बाई म्हणाल्या. "का रे? आवडलं नाही?"

मी दादाचा फोन काढून पुढे धरला. बाईंनी चष्मा सारखा करून वाचलं.

'प्रल्हादजी, कांदे संपले असतील ना? बरेच दिवस झाले. तुमची आठवण येते.'

"प्रल्हाद तू?"

"मी सुदाम. प्रल्हाद माझा दादा. दिवाळीच्या आधी गेला. गाडीवरून पडून."

बाईंनी फोन परत माझ्या हातात दिला.

"दर गुरुवारी हे येतं. फोन वाजला की आई ओल्या हाताने बाहेर धावते. 'कुणाचं रे? त्याच्या मित्राचं का?' मग मी तिला काय सांगू? कांद्याचं?"

"सॉरी मॅडम, हा मुलगा जरा..."

"राहू द्या, सर."

बाई मला त्यांच्या टेबलापाशी घेऊन गेल्या. पडद्यावर नावं होती. नुसती नावं. त्या खाली सरकवत गेल्या, तरी संपेनात. एवढी माणसं मी कधी एका जागी बघितली नव्हती. वर एकच शब्द होता: झोपलेले.

"हे काय?"

"आमच्याकडे तसं म्हणतात. गिऱ्हाईक मागवायचं थांबलं की झोपलं. मग निरोप धाडून जागं करायचं. मागवलं की निरोप बंद."

त्यांनी शोधलं. अनोळखी नावांच्या मध्ये दादाचं नाव आलं.

मी टेबलावर हात आपटला. बाईंचा चहा सांडला.

"झोपला नाही तो! खांद्यावर नेलाय मी त्याला!"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. बाईंनी रुमालाने चहा पुसला. आधी माझा हात, मग टेबल.

"हे बघ. नावापुढे खूण आहे ना? ती दाबलीस की नाव गेलं. या गुरुवारपासून काही येणार नाही."

आणि माऊस माझ्याकडे सरकवला.

यासाठीच तर आलो होतो. आईसाठी. मी बोट ठेवलं...

बोट खाली जाईना.

घरात आम्ही दादाचं नाव घेत नाही. कुणी काढलं की आई दोन दिवस जेवत नाही. गुरुवारी तो फोन तेवढा त्याला हाक मारतो.

मला बाईंचा राग आला.

"एवढ्या लोकांची आठवण येते तुम्हाला? खोटं कसं लिहिता?"

"एवढ्यांना एकदम लिहिताच येत नाही, सुदाम. इथल्या पोरांना मी तेच सांगते. आपल्या एका माणसाला लिहा. मग ते सगळ्यांना धाडा."

"मग हे कुणाला लिहिलंय?"

बाईंनी त्याच यादीत दुसरं नाव शोधलं. वासुदेव धुरी. शेवटचं सामान मागवलेलं साल पुढे होतं. मी तेव्हा तिसरीत होतो.

"कांदे आणायला विसरायचे हे," बाई म्हणाल्या.

"यांनाही जातं? गुरुवारी?"

"जातं ना. यादीत आहेत."

"फोन कुठे असतो त्यांचा?"

"घरी. माझ्या उशाशी."

माझ्या अंगावर काटा आला. त्यांची एक ओळ गुरुवारी इतक्या घरांत वाजते. माझ्या आईला चुलीपासून उठवते. आणि त्यांच्या स्वतःच्या उशाशीही वाजते.

मघाचा राग कुठे गेला कळलं नाही. त्यांच्या पाया पडावं असं वाटलं.

"बाई, तुम्हाला तर सगळं येतं. खूण कुठे आहे तेही माहीत आहे. मग तुम्ही यांचं नाव..."



बाई खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. शाळेतल्या बाकावर बसतात तशा, हात मांडीवर घेऊन.

"तू दाब," त्या म्हणाल्या. "कसं दाबतात, मी बघते."