ज्वारीएवढ्या चाकात सरकारांची मिशी

"चाकाच्या दात्यात आमची मिशी दिसली पाहिजे," असा हुकूम आंबेघोळच्या उदाजीराव सरकारांनी सोडला. आणि चाक केवढं? ज्वारीच्या दाण्याएवढं!

संस्थान कधीच खालसा झालं होतं, पण हुकूम सोडायची सवय काही खालसा झाली नव्हती. राज्य नाही तर नाही, घड्याळाची चाकं करायचा कारखाना होता. तिथं सरकारांनी तारेतून उडणाऱ्या ठिणगीनं लोखंड कापणारं मशीन आणलं होतं आणि आल्यागेल्याला ते मिशीवर ताव देत सांगायचे, "आमचं मशीन सोवळ्यातलं आहे. तार लोखंडाला शिवतसुद्धा नाही. मधल्यामधे ठिणगी उडते आणि लोखंड झडतं."

याच तोऱ्यात त्यांनी मुंबईच्या घड्याळवाल्या पाहुण्याला शब्द देऊन टाकला. शुक्रवारी या, मशीनवरून थेट आरशासारखं चाक घेऊन जा! शब्द सरकारांचा, निस्तरायचा मात्र हौसानं. कारण मशीन ती चालवायची.

"सरकार, ठिणगी पडली की खड्डा पडणारच," हौसा म्हणाली. "मोठी ठिणगी लावली तर काम झटपट होतं, पण चाकाला देवीचे व्रण उठल्यागत दिसतात. बारीक लावली तर गुळगुळीत होतं, पण तोवर तुमचा शुक्रवार निघून जातो. मागनं जरा घासून दिलं तर?"

"खबरदार! दगड नको, कागद नको, फडकं नको. परक्या कशाचाही स्पर्श आम्हाला चालणार नाही. जमत नसेल तर मशीन भंगारात आणि तू घरी."

हे मशीन शिकायचं म्हणून ती अख्ख्या सासरशी भांडली होती. पोटच्या पोरासारखा तिचा त्याच्यावर जीव होता. पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हती. 'परक्या' हा शब्द तिनं तोंडातल्या तोंडात घोळवला आणि कामाला लागली.

शुक्रवारी पाहुणा आला, सरकार आले, कधी नव्हे त्या राणीसाहेबही आल्या. हौसानं चाक पुढं केलं. सरकारांनी डोळ्याला भिंग लावलं. लखलखीत दात्यात मिशीचं टोक दिमाखात उभं होतं.

सरकारांना आनंदच व्हायचा, पण संशय आधी आला. "घासलंस तू!"

"मी कशाला घासू? याचं जोडीचं चाक आहे ना, ते याच्या दातात दात घालून परवापासून फिरवत ठेवलं. त्यांनीच एकमेकांना घासलं."

"म्हणजे स्पर्श झालाच की."

"परक्याचा नाही झाला. ज्याच्यासंगं जन्म काढायचा, त्याला कुणी परकं म्हणतं होय, सरकार?"

पाहुण्यानं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. सरकार इरेला पेटले. "आणि चाकांना हे तेल लावलंस ते? ते नाही परकं?"

"तेल-हळदीवाचून कुठलं लग्न लागलंय?"

शहाण्यानं इथं थांबावं. पण थांबले तर ते सरकार कसले! "असं म्हणतेस? आमच्या लग्नाला जन्म उलटून गेला. रोज घासाघाशी चालू असते. मग आम्ही दोघं का नाही गुळगुळीत झालो?"

हौसानं राणीसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, बोल.

"दोन्ही चाकं फिरली तर गुळगुळीत होतात, सरकार. एक अडून बसलं, तर दुसऱ्याचे दात पडतात."

राणीसाहेब इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना हातानं कवळी सावरावी लागली. सरकारांनी आधी त्या कवळीकडं पाहिलं, मग हौसाकडं, आणि मग असे गडगडून हसले की पाहुणाही खोकायचं सोडून हसायला लागला.

मशीन भंगारात गेलं नाही. उलट मशीनच्या विभागाची सगळी मुखत्यारी हौसाला मिळाली. तो हुकूम राणीसाहेबांनी सोडला, आणि सरकारांनी जन्मात पहिल्यांदा नुसती मान डोलावली.