फिलूच्या भातुकलीतलं दार

समुद्राच्या काठी, केळीच्या वाड्यांआड एक गाव होतं आणि त्या गावात एक आई होती. फिलू ही तिची एकुलती एक लेक. गावातल्या बाकीच्या आयांना आपल्या मुलींसाठी झालरीचे झगे हवे असत, पुढेमागे चांगलं स्थळ हवं असे. या आईला एकच गोष्ट हवी होती. फिलूच्या मनात देव रुजावा, म्हणजे आपण जन्मात काही केलं असं तिला वाटणार होतं.

त्यासाठी ती कष्टही घेई. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की भिंतीवरच्या छोट्या आल्तारापुढे, म्हणजे देव्हाऱ्यापुढे, मेणबत्ती लागे, चटई पसरली जाई आणि दोघी हातात जपमाळ घेऊन बसत. त्याआधी दाराला आतून कडी पडे. एकदा ऐन प्रार्थनेत शेजारची कोंबडी डौलात आत आली होती आणि फिलू खुदकन हसली होती, तेव्हापासूनची ही कडी. प्रार्थना संपेपर्यंत कोणी हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. सगळा गाव म्हणे, प्रार्थना करावी तर फिलूच्या आईने. ते ऐकून आईला बरं वाटे. कुणालाही वाटलं असतं.

एका संध्याकाळी प्रार्थना रंगात आली असताना दाराची कडी वाजली. बाहेर शेजारच्या नातालमावशी होत्या, त्या कोंबडीच्याच मालकीणबाई. आईने डोळे आणखी घट्ट मिटले आणि आवाज थोडा चढवला. कडी पुन्हा वाजली, बाहेरून मावशी काहीतरी बोलल्या, पण आईच्या चढलेल्या आवाजात ते बुडालं. मग कडी थांबली. आमेन झाल्यावर आईने दार उघडलं तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. काही महत्त्वाचं नसेल, असं म्हणून ती चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिलू परसात भातुकली मांडून बसली होती. करवंटीचं घर, काडीची आई, काडीची मुलगी आणि केळीच्या पानाच्या तुकड्याचं दार. आई कपडे वाळत घालता घालता कौतुकाने ऐकत होती. खेळातल्या दोघी प्रार्थनेला बसलेल्या पाहून तिचा ऊर भरून आला. तेवढ्यात एक वाकडी काडी दाराशी आली आणि म्हाताऱ्या आवाजात म्हणाली, की बाय, मनगट मुरगळलंय, कळशीभर पाणी ओढून देतेस? करवंटीतली काडी काही उठली नाही. वाकडी काडी तशीच परत गेली.

आईच्या हातातला कपडा हातातच राहिला. म्हणजे काल पोरीने एक डोळा उघडा ठेवून खिडकीतून पाहिलं होतं आणि मावशींचं बोलणंही ऐकलं होतं. रागवावं म्हणून ती पुढे झाली, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"फिलू, दार का नाही उघडलं गं त्यांनी?"

"आत देव होता ना," फिलू म्हणाली. "देव घरात असला की दार लावून घ्यायचं असतं."

ती काही टोमणा मारत नव्हती. शिकवलेला धडा मुलांनी म्हणून दाखवावा, तसं तिने सांगितलं. आईला मात्र भर दुपारी लाज वाटली, इतकी की तिला आपल्याच लेकीकडे बघवेना.

ती तडक विहिरीवर गेली आणि कळशी भरून नातालमावशींच्या ओट्यावर ठेवली. मावशींच्या मनगटाला चिंधी बांधलेली होती. काल पाण्यावाचून पेज झाली नाही, तेव्हा त्या नुसते चुरमुरे खाऊन झोपल्या होत्या. आईने माफी मागितली. मावशी हसल्या आणि म्हणाल्या, की पायरीवर बसून तुमची प्रार्थना ऐकली थोडा वेळ, गोड म्हणता हो दोघी. रागावल्या असत्या तर आईला सोपं गेलं असतं.

पुढे जपमाळेचा महिना आला. त्या महिन्यात मरियामातेची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जाई आणि गाव तिथे प्रार्थनेला जमे. फिलूच्या घराची पाळी आली. घर गच्च भरलं. प्रार्थना चालवायला मास्तर आले. मोठे शिस्तीचे, मधे कोणी खोकलं तरी त्यांची भुवई वर चढे. शेवटी वाटायला उकडलेले चणे आणि खोबरं तयार होतं. मास्तरांनी स्वतःच्या हाताने कडी लावली.

अर्ध्या जपमाळेला कडी वाजली.

कोणी हललं नाही. आईने डोळे उघडले. गावासमोर प्रार्थना मोडायची म्हणजे इतक्या वर्षांचं नाव जायचं. समोर फिलूचा एक डोळा उघडा होता आणि तो दाराकडे नव्हता, आईकडे होता.

आई उठली. मास्तरांची भुवई वर चढली, तरी तिने दार उघडलं. बाहेर मिठागरात काम करणारी एक परकी बाई होती, कडेवर तापाने फणफणलेलं लेकरू. वैद्यांचं घर कुठे, एवढंच तिला विचारायचं होतं.

"आधी आत ये," आई म्हणाली. "वैद्य इथेच बसलेत."

नातालमावशींनी सरकून चटईवर जागा केली. वैद्यांनी जपमाळ खिशात टाकून लेकराची नाडी पाहिली, कपाळावर ओली पट्टी ठेवली. कोणी पाणी आणलं, कोणी पेज. लेकरू शांत झालं, तेव्हा मास्तरांनी घसा खाकरला आणि जिथे राहिली होती तिथून प्रार्थना पुढे चालू केली. आवाज जरा मऊ झाला होता त्यांचा. चण्यांचा पहिला द्रोण त्या बाईला मिळाला, आणि कडी कोणी पुन्हा लावली नाही.

दुसऱ्या दिवशी परसात पुन्हा भातुकली मांडलेली होती. करवंटीत काड्यांची दाटी होती, वाकडी काडी अगदी मधे बसली होती. केळीच्या पानाचा तुकडा मात्र कुठे दिसेना.

"दार कुठे गेलं गं?" आईने विचारलं.

"काढून टाकलं," फिलू म्हणाली. "देव घरात आहे ना आता."

आईने लेकीला जवळ घेतलं. त्या संध्याकाळी मेणबत्ती लागली, चटई पसरली आणि दार सताड उघडं राहिलं. कोंबडी आत आली. या वेळी दोघी हसल्या.

तात्पर्य: आई प्रार्थनेत काय म्हणते हे मूल कानांनी ऐकतं, पण देव कसा असतो हे ते आईच्या वागण्यातून शिकतं.