राजकन्येचा आवाज आणि तीन कोंबड्या

मी एकदा नेम धरला होता. चैत्रात आमच्या आळीत मानमोडीची साथ आली आणि माझ्या सातांपैकी तीन कोंबड्या दोन दिवसांत गेल्या. उरलेल्या चौघींना वेगळं ठेवलं, लस टोचून आणली, आणि देवापुढे हात जोडून म्हटलं, ह्या जगल्या तर त्यांच्यापुढे दाणापाणी ठेवल्यावाचून मी तोंडात घास घालणार नाही. जगल्या चौघी. तेव्हा शेजारच्या सोनाआत्या म्हणाल्या, "नेम धरलास ना? मग त्याची कहाणीही ऐक." ती ही अशी.

एका राज्यात शिखरसेन नावाचा राजा होता. त्याची राणी हेमलेखा, आणि लेक एकुलती एक, चारुमती. चारुमती हसली की अंगणातला प्राजक्त भरदुपारी फुलायचा. राजाला मोत्यांचा भारी सोस. समुद्रावरून शिंपले यायचे; मोती कोठारात जायचे, शिंपले परसातल्या उकिरड्यावर.

एके दिवशी दारी एक म्हातारी आली. हातातल्या टोपलीत तीन कोंबड्या. एक काजळी, एक पिवळी, एक पांढरी.

"राजा, मूठभर कोंडा दे. माझी पाखरं उपाशी आहेत, खंगलीत."

राजा हसला. "राजाच्या दारात येऊन कोंडा मागतेस? घे, मोती चार त्यांना!" आणि त्यानं मूठभर मोती तिच्या अंगावर फेकले.

म्हातारी होती चेटकीण. तिनं टोपली उंबऱ्यावर ठेवली. "दाणा तू नाकारलास, आता सांभाळ तूच कर. तुझ्या लेकीचं हसणं काजळीच्या गळ्यात, रडणं पिवळीच्या पिसांत, बोलणं पांढरीच्या पोटात. कोंबडी धड झाली तर आवाज परत येईल. कोंबडी मेली, तर आवाजही मेला." एवढं बोलून ती धूर होऊन निघून गेली. चारुमतीनं आईला हाक मारायला तोंड उघडलं. ओठ हलले, शब्द उमटला नाही.

राजा घाबरला. कोंबड्यांना सोन्याचा पिंजरा केला, खाली मखमल अंथरली, दोन्ही वेळा तुपातला भात वाढला. आठव्या दिवशी तिन्ही माना टाकून बसल्या.

राणी पिंजऱ्यापाशी बसून राहिली. कडुनिंबावरून एक साळुंकी म्हणाली, "रडून कुणाचं पोट साफ झालंय, राणीसाहेब? हात लावून बघा की!"

राणीनं आजवर कोंबडीला हात लावला नव्हता. तिनं काजळीला मांडीवर घेतलं. गळ्याखालची पिशवी दगडासारखी लागली.

"भातावर भात," साळुंकी म्हणाली. "कोंबडीला दात असतात का? वाळूचे खडे पोटात नाहीत, तर ती दळणार कशावर?"

राणीनं दिवसभर काजळीचं खाणं बंद ठेवलं. नुसतं पाणी दिलं, वर तेलाचे दोन थेंब, आणि हलक्या बोटांनी पिशवी चोळत राहिली. मग नदीची जाड वाळू पुढ्यात पसरली. दुसऱ्या सकाळी पिशवी मऊ झाली, काजळी वाळू टिपू लागली. आतल्या दालनात चारुमती खळखळून हसली. प्राजक्त फुलला.

पिवळीचा तुरा फिका पडला होता, अंग सारखं खाजवायची. राणीनं पिसं उलटून पाहिली, तर बारीक लाल किडे वळवळत होते.

"मखमलीत वाढलेत ते," साळुंकी म्हणाली. "तिला लोळायला राख द्या. तुमच्या चुलीची, तुमच्या हातची."

राणीला आपल्याच मुदपाकखान्याची वाट विचारावी लागली. आचारीण हिराई दारात आडवी झाली. "अगं बाई, राणीसाहेब, राखेला हात? मी मेली कशाला आहे इथं?"

"तू माझी लेक बोलती करशील का, हिराई?"

हिराई बाजूला झाली. राणीनं राख भरली, चाळली, कोरड्या मातीत मिसळली. मखमल जाळली, पिंजरा कढत पाण्यानं धुतला. पिवळी राखेत मनसोक्त लोळली. रोज लोळली. सातव्या दिवशी चारुमती मोठ्यानं रडली, आणि ते रडणं ऐकून सगळ्या राजवाड्यानं साखर वाटली.

राहिली पांढरी. ती कवचाविना अंडी घालायची, पाय थरथरायचे. राणी कोवळा पाला घेऊन निघाली, तोच साळुंकी म्हणाली, "पाला द्याच. पण हिला शिंपल्याचा चुरा हवा. आणि तो मोती फेकणाऱ्यानंच कुटायचा."

राणी राजापुढे उभी राहिली. "महाराज, उकिरड्यावर जायचं आहे."

"मी?"

"लेक तुमचीही आहे."

राजानं मुकुट उतरवला. उकिरड्यावर शिंपल्यांचा डोंगर साचला होता, त्यानंच फेकलेला. त्यानं टोपली भरली, शिंपले धुतले, उन्हात वाळवले, खलबत्त्यात कुटले. तळहाताला फोड आले. कुटता कुटता तो म्हणाला, "म्हातारी मूठभर कोंडाच तर मागत होती."

एकविसाव्या दिवशी पांढरीनं अंडं घातलं, गोल, टणक. राजानं ते ओंजळीत उचललं, तोच दारातून आवाज आला.

"आबा, त्यांच्या भांड्यात पाणी नाहीये."

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आधी तो उठला आणि भांडं भरून आला.

म्हातारी उंबऱ्यावर उभी होती. राजानं तिच्या टोपलीत कोंडा, भरड आणि शिंपल्याचा चुरा घातला. शाप फिटला. त्या दिवसापासून त्या राज्यात पहिली मूठ पाखरांची, मग राजाचं ताट.

ही कहाणी ऐकणाऱ्या बाई गं, तूही माझ्यासारखा नेम धर. उपास नको, उद्यापन नको. सकाळी भरड, दुपारी पाला, सांजेला मूठभर कणी, आणि पाणी रोजचं ताजं. कोंबडी गप्प बसलेली दिसली, तर आधी तिला मांडीवर घे. हात लावून बघ.