वाळूची टेकडी आणि न बोललेला शब्द

राजे पालखीतून हवा खायला निघत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. समुद्राकाठच्या एका गावात भागोजी पाहुणेघर चालवी. माणूस गोड, पण त्याला कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. जेवण उरकल्यावर पाहुण्याने घावन मागितलं तरी तो पुन्हा चूल पेटवायला सांगे, आणि त्याची बायको आवडी कपाळाला हात लावी.

घर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची लांबट टेकडी होती. तिच्यावर मर्यादवेल पसरलेली, कडेला केवड्याचं बन. एकदा राजधानीतले एक शेठजी उतरले. ओसरीवर बसून समुद्र दिसत नाही, अशी त्यांची तक्रार.

"मग टेकडी काढून टाकू," भागोजी म्हणाला.

"अहो, ती आपल्या आधीपासून इथे आहे," आवडी म्हणाली. "कशासाठी आहे, ते तरी बघा."

पण केवडा तुटला, वेल उपटली, वाळू सपाट झाली. शेठजींनी राजधानीत कौतुक केलं आणि पाहुण्यांची रीघ लागली.

मग पश्चिमेचा वारा सुटला. वाळूला धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं. ती भातात आली, सोलकढीत आली, पुन्हा आलेल्या शेठजींच्या मिशीत जाऊन बसली. पंगतीत कुरूम कुरूम आवाज येई. तांदूळ जुना आहे, असं भागोजी सांगे.

अमावास्येला भर दुपारी पंगत बसली असताना उधाणाचं पाणी ओसरीवर चढलं. पत्रावळी तरंगू लागल्या. शेठजींची तळलेली सुरमई त्यांच्या डोळ्यांदेखत समुद्राकडे परत निघाली. शेठजी खांबाला मिठी मारून उभे होते. समुद्र आता अगदी नीट दिसत होता.

पाहुणेघर रिकामं झालं. त्याहून वाईट म्हणजे गावची विहीर खारट झाली. बायका हंडे घेऊन भागोजीच्या दारावरून लांबच्या विहिरीला जात. रिकाम्या ओसरीपेक्षा तेच त्याला जास्त लागे.

नवराबायकोने माडाच्या झावळ्यांचं कुंपण घातलं. त्याला वाळू अडू लागली. तिच्यावर त्यांनी वेल लावली, केवडा लावला. काही वर्षांनी टेकडी उभी राहिली, विहीर गोडी झाली, पाहुणेही परतले.

एके दिवशी खुद्द राजाची पालखी आली. टेकडी कापून वाट करा, असा कारभाऱ्याने हुकूम सोडला.  भागोजीने आवडीकडे पाहिलं, तर ती चूल फुंकत होती.

"नाही, महाराज." हा शब्द तोंडातून पहिल्यांदाच निघत होता, त्यामुळे जरा मोठ्यानेच निघाला. "पालखी इथे ठेवावी. वळसा घालून पायवाट आहे, चालत जावं लागेल."

कारभाऱ्याचा हात तलवारीवर गेला. राजाने त्या थरथरत्या माणसाकडे पाहिलं, खाली उतरून जोडे काढले आणि तो चालू लागला. परतला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता, मुठीत शिंपले होते. उद्याही चालत जाऊ द्याल का, असं त्याने भागोजीलाच विचारलं. त्या दिवसापासून त्या किनाऱ्यावर कुणाचीही पालखी टेकडीपुढे गेली नाही.

तात्पर्य : पाहुण्याची हरेक हौस पुरवणारा किनारा शेवटी ना पाहुण्याचा राहतो, ना गावाचा.