कोंबडीचं हसू

टीव्हीवरच्या कार्टून जाहिराती हातानं काढत, तेव्हाची गोष्ट. चित्रकार हुद्दारांच्या पेन्सिलीकडे मसाल्याची जाहिरात आली. स्टुडिओच्या रीतीप्रमाणे तिनं शेवटचं पान आधी काढलं: पातेल्यात रटरटणारा कोंबडीचा रस्सा. मग पहिल्या पानावर नाचणारी कोंबडी काढली.

कोंबडीनं विचारलं, "पेन्सिलताई, मी एवढी खूश का गं? शेवटी काय होतं?"

"सांगून टाक तिला," खोडरबर म्हणाला.

"सांगितलं तर हसेल का ती?" असं पुटपुटत पेन्सिलीनं कोंबडीचं हसू आणखी रुंद केलं.

जाहिरात गाजली. पुढचं काम आलं कॉम्प्युटरच्या जाहिरातीचं. शेवटचं पान आधी काढलं: टेबलावर कॉम्प्युटर, कचऱ्याच्या टोपलीत पेन्सिल.

पहिल्या पानावर पेन्सिल नाचणार होती. हुद्दार म्हणाले, "हसू मोठं हवं हं."