भोक न पाडणारी गोळी

"सांबर जागच्या जागी कोसळलं पाहिजे, आणि कातड्याला एकही भोक पडता कामा नये! अशी गोळी अमावास्येच्या आत ओतून दे. नाहीतर भट्टी विझव आणि चांदगिरीची वेस ओलांड!"

राजे हैबतरावांनी भर दरबारात बिचाऱ्या धाकोजी ओताऱ्याला असं फर्मावलं. राजांच्या बंदुकीच्या गोळ्या तोच ओतत असे.

राजांना शिकारीचा भारी नाद होता. शिकारीला राजांचा नव्हता. चांदगिरीची रीत अशी, की राजांचा बार झाला की मचाणाखालच्या सगळ्यांनी "लागली! लागली!" असा गजर करायचा. गजर व्हायचा, सांबर मान वळवून बघायचं आणि चरत चरत पलीकडच्या खोऱ्यात निघून जायचं. मग कारण शोधण्याचं अवघड काम दिवाण नारोपंतांकडे येई.

गेल्या साली पंत म्हणाले होते, "सरकार, गोळी लागली, पण शिसं मऊ! कातड्यावर आपटून चपटी झाली आणि गळून पडली." धाकोजीनं निमूटपणे शिशात कथील मिसळून गोळी कडक केली. यंदा पंत म्हणाले, "लागली, पण फारच कडक! आरपार गेली, आणि इतक्या सफाईनं, की भोक मागच्या मागे मिटलं. सांबराला बिचाऱ्याला कळलंच नाही!"

राजांना हे पटलं. पटायला काय, कौतुक कुणाला नको असतं? उलट त्यांच्या डोक्यात एक नवंच खूळ शिरलं: भोक मिटतंच आहे, तर बिनभोकाचं अख्खं कातडं बैठकीवर अंथरायला का मिळू नये?

धाकोजी घरी आला तो कपाळाला हात लावूनच. त्याची लेक येसू भट्टीचा भाता ओढत होती. सगळं ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नेम एकाचा चुकायचा आणि चूल दुसऱ्याची विझायची, हा कुठला न्याय!

"आबा, आधी दोन घास खाऊन घ्या," ती म्हणाली.

"घास उतरंल व्हय घशाखाली? असली गोळी कुणी ओतलीय का आजवर?"

"तुम्हीच की! दोन सालं झाली, तीच तर ओतताय. उद्या दरबारात मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी येसूनं राजांपुढं ताटली ठेवली. ताटलीत एकच गोळी होती.

"सरकार, गोळी तयार आहे."

नारोपंत पुढे वाकले. "ही तर नेहमीचीच!"

"व्हय पंत, नेहमीचीच. हिचं भोक मिटतं, हे तुम्हीच सांगितलंत न्हवं? म्हंजी अर्धा हुकूम आधीच पुरा झाला. आता राहिलं सांबराचं कोसळणं."

"ते कसं कोसळणार?" राजांनी विचारलं.

"सरकार, तुमचा बार झाला की गोळी लागल्याचं साऱ्यांना कळतं. हाकाऱ्यांना कळतं, भालदारांना कळतं. पंतांना तर बार व्हायच्या आधीच कळतं! एकट्या सांबराला तेवढं कुणी सांगत न्हाई. एखादा वजनदार माणूस त्याला खेटून उभा करा. बार झाला की त्यानं सांबराच्या कानात सांगायचं, 'बाबा रे, तुला सरकारांची गोळी लागलीय, आता रीतीनं आडवा हो!' पंतांनी अख्ख्या दरबाराला पटवलंय. ते तर मुकं जनावर!"

राजांनी मांडीवर थाप मारली. "बेस! नारोपंत, उद्या तुम्हीच उभे राहा सांबराशेजारी!"

पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी? पण सरकार... गोळी मला लागली तर?"

"लागू द्या की!" येसू म्हणाली. "भोक मिटतं!"

"मिटतं कसलं डोंबल! गोळी लागली की माणूस मरतो!"

"आणि सांबर?"

"सांबरही मरतं!" पंत ओरडले, आणि मग त्यांनी जीभ चावली.

राजे पुढे सरकून बसले.

"म्हणजे, पंत," राजे सावकाश म्हणाले, "गोळी चांगली आहे?"

"चां... चांगली आहे, सरकार."

"मऊ नाही?"

"नाही, सरकार."

"कडकही नाही?"

"अगदी बेताची, सरकार."

राजे उठून उभे राहिले. त्यांच्या कपाळावरची शीर ताठ झाली होती. "गोळी चांगली, बंदूक चांगली, दारूही कोरडी! मग सांबर जातं कसं? चूक कुणाची? तू सांग, पोरी!"

धाकोजीनं डोळे मिटून घेतले. राजांची चूक म्हणावं तर पोरीची धडगत नाही, गोळीची म्हणावं तर भट्टी विझली! पण येसूनं पदर खोचला आणि हात जोडून म्हणाली,

"चूक सांबराची, सरकार! तुम्ही एवढा झोकात नेम धरता, पण मेलं नेम धरला तिथं उभंच राहत न्हाई!"

आधी राजांच्या मिशा थरथरल्या, मग पोट हललं, आणि मग ते असे खदाखदा हसले की पागोटं तिरपं झालं. नारोपंतही हसले; राजे हसले की हसायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"धाकोजी, जा, भट्टी पेटव!" डोळे पुसत राजे म्हणाले. त्यांनी अंगावरचा जरीकाठी शेला काढून येसूच्या खांद्यावर घातला आणि ओढ्याकाठचं रान तिच्या नावे इनाम करून दिलं. बापलेक वेशीपर्यंत पोचले, तरी मागून राजांचं हसू ऐकू येतच होतं.